कांद्याखालची काच

“कप्तानमावशी, तुम्हाला पोहता येतं का?”

भर दुपारी, शीड टम्म फुगलेलं असताना हा प्रश्न बोटीच्या ऐन मध्यावर येऊन पडला. विचारणारी होती भिंगरी. वय वर्षं पंधरा, पायाला चाकं आणि जिभेला इंजिन. तिचं खरं नाव वेगळं आहे म्हणे, पण आईबाबासुद्धा तिला भिंगरीच म्हणतात, मग मी कशाला कष्ट घेऊ?

सुट्टी लागायच्या दिवशी शाळेच्या जिन्यात तिच्या तीन मैत्रिणींनी पैज घातली होती. “बोटीच्या कप्तानाला तोंडावर विचारून दाखव, पोहता येतं का म्हणून. नाही विचारलंस तर वर्षभर आमची दप्तरं तू वाहायचीस.” हातावर हात पडला होता. आता माघार घ्यायचा प्रश्नच नव्हता.

बाबांना पाणी पिताना ठसका लागला. आईने डोळे एवढे मोठे केले, की ते बघूनच एखादी शांत मुलगी खाली केबिनमध्ये जाऊन बसली असती. भिंगरी हनुवटी वर करून उभीच.

कप्तानमावशीने सुकाणूवरचा हात काढला नाही. नजर समोरच्या बेटावर ठेवूनच म्हणाली, “आधी तुझ्या पायातला तो दोर गुंडाळ. कुणीतरी अडखळून पाण्यात पडेल, मग कुणाला पोहता येतं ते आपोआप कळेल.”

सगळे हसले. प्रश्न वाऱ्यावर उडून गेला. उत्तर मात्र मला ठाऊक होतं. बोटीवर तेव्हा ते मावशीला आणि मलाच ठाऊक होतं. पण मी बोलणार कशी? माझं तोंड कांद्यांनी भरलेलं होतं.

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे.

हसलात ना? हसा, हसा. समुद्राची गोष्ट म्हणजे ती शिडाने सांगावी, नाहीतर डोलकाठीने, असंच तुम्हाला वाटणार. पण शीड सदा आभाळाकडे बघत असतं आणि डोलकाठीची मान कधी खाली वळत नाही. समुद्राच्या आत काय आहे ते या बोटीवर मीच सगळ्यात जास्त पाहिलं आहे.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. जस्ताचा जाड पत्रा, कडेला वाकवलेली तार आणि हातोडीचा मार. तो खाऊनच मी गोल झाले. मावशीच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या कप्तानांनी, मला डेक धुवायला आणलं. खाऱ्या पाण्याने हळूहळू माझा तळ खाल्ला. एके दिवशी त्यांनी मला भरून उचललं, तर सगळं पाणी त्यांच्या पायावर आणि मी रिकामी हातात! त्यांची बायको म्हणाली, “आता तरी टाका हिला.”

“थांब जरा,” ते म्हणाले.

त्याच सुमारास केबिनच्या गोल खिडकीची चौकट कुजल्यामुळे तिची काच निघाली होती. थोरल्या कप्तानांनी माझा गंजका तळ कापून काढला, तिथे ती जाडजूड काच बसवली आणि कडेने डांबर भरलं. बायकोने तोंड वाकडं करत करत जुन्या टॉवेलची पट्टी माझ्या काठाला शिवून दिली, म्हणजे वाकून बघणाऱ्याच्या कपाळाला पत्रा लागणार नाही. असा मला तळही मिळाला आणि डोळाही.

पहिल्यांदा माझ्यात डोकं घातलं ते त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीने. छोट्या होडीच्या काठावरून ती वाकली. तिच्या बाबांनी तिचा फ्रॉक मागून घट्ट धरला होता. मी पाण्यावर टेकले, वरच्या लाटांची चुळबुळ काचेखाली एकदम थांबली आणि ती किंचाळली, “बाबा! खाली गाव आहे!”

गावच होतं ते! हरणाच्या शिंगांसारखे फाटे फुटलेले प्रवाळ, जांभळे पंखे, पिवळे कंगवे. चोचीने प्रवाळ कुरतडणारे हिरवे मासे तर इतका आवाज करत खातात, की पत्र्यातून मला ऐकू येतं. आणि गावाच्या मधोमध बसलेला भोपळा. हे नाव त्या लेकीनेच ठेवलं. एका खोलीएवढा थोरला, गोल गरगरीत प्रवाळ, अंगावर अक्रोडासारख्या वळ्या. बघणाऱ्याला वाटतं दगड आहे. दगड कसला! लाखो इवले इवले जीव एकमेकांना बिलगून बसले आहेत आणि सगळे मिळून वर्षाला जेमतेम नखाच्या कडेइतके वाढतात. आता तो खोलीएवढा व्हायला किती काळ गेला असेल, त्याचा हिशेब तुम्हीच करा. माझं गणित कच्चं आहे.

थोरल्या कप्तानांनी तेव्हापासून बोटीवर एक शिस्त लावली. कुठल्याही खाडीत शिरलं की आधी शीड उतरवायचं, छोटी होडी सोडायची, मला घेऊन पुढे जायचं आणि खाली बघायचं. प्रवाळ दिसले तर पुढे. गवत दिसलं तरी पुढे. नुसती पांढरी वाळू दिसली, की होडीतून हाक द्यायची, “वाळू!” ही हाक आल्याशिवाय नांगराला हातसुद्धा लावायचा नाही, मग भुकेने पोटात कावळे ओरडत असोत. ही हाक द्यायचं काम लेकीचं. काय आवाज होता पोरीचा! बेटावरची पाखरं उडायची.

या घराण्याची आणखी एक रीत होती. इथे कुणीच पोहायला शिकत नसे. थोरले कप्तान म्हणायचे, “पोहता आलं की खलाशी निर्धास्त होतो. ज्याला येत नाही, तो बोटीला तळहातावरच्या फोडासारखा जपतो.” मी पडले बादली, पण मला हे कधी पटलं नाही. लेकीलाही पटलं नसावं. एकदा ती म्हणालीसुद्धा, “बाबा, मला भोपळ्याजवळ जायचंय.” तर ते म्हणाले, “बादली आहे ना!”

झालं. बादली होती. ती लेक मोठी झाली, बोटीची कप्तान झाली, पाहुणे तिला कप्तानमावशी म्हणू लागले. वादळात शीड सांभाळणारी आणि ताऱ्यांवरून वाट काढणारी ही बाई, पण तिने सगळा समुद्र पाहिला तो ताटाएवढा.

माझं कौतुक मात्र खूप झालं, खोटं कशाला बोलू! पाहुणे पाळी लावून माझ्यात डोकी घालायचे. एका डॉक्टरीणबाईंनी तर मला विकत मागितलं. मावशी म्हणाली, “बाई, माझा डोळा आहे तो. काढून कसा देऊ?” त्या रात्री मी गर्वाने इतकी फुगले, की डांबर उकलतं की काय असं वाटलं.

आणि मग ते यंत्र आलं. सुकाणूशेजारी बसवलेला छोटा पडदा. पाणी किती खोल आहे ते आकड्यांत सांगायचा आणि खालचा तळ निळ्या रेघेने काढून दाखवायचा. होडी सोडणं बंद झालं, “वाळू!” ही हाक बंद झाली आणि एके सकाळी मावशीने माझ्यात कांदे ओतले.

कांद्यांशी माझं वैर नाही, मित्रांनो. पण ज्या काचेने गाव पाहिलं, तिच्यावर सालपटांचा थर बसला की कसं वाटतं? मी रुसले. यंत्र आलं म्हणून मला टाकलं, असंच मी धरून चालले. मावशी कांदा काढायला आली की मी मुद्दाम कडी तिच्या बोटावर आपटायची.

अशात ही भिंगरी आली. आईबाबांबरोबर, बेटाबेटांवरून शिडाच्या बोटीने फिरायला. याच वर्षी शाळेच्या पोहण्याच्या शर्यतीत ती पहिली आली होती. त्याआधी म्हणे उत्तर येत असूनही वर्गात हात वर करायची नाही. आता हात खाली यायचं नाव नाही! बोट थांबली रे थांबली की गुलाबी मास्क डोळ्यांवर आणि धबाक्! वर आली की एका श्वासात, “आई, कासव! बाबा, कासव! अहो मावशी, खरंच कासव!”

तो गुलाबी मास्क रात्री माझ्या शेजारीच वाळत असायचा. कालचं पोर! मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

मावशी मात्र भिंगरीला बारीकसारीक विचारत राहायची. “खाली पंखे अजून जांभळेच आहेत का गं? हिरवे मासे किती होते? घोळक्याने, की एकेकटे?” भिंगरी भरभरून सांगायची. मावशी ऐकताना सुकाणूवर अंगठा घासत बसायची. मला वाटायचं, आहे ना तुझं यंत्र, त्यालाच विचार की!

दोर गुंडाळायला लावला, त्याच दुपारी आम्ही भोपळ्याच्या खाडीत शिरलो. वारा जरा उलटसुलट होता. पडद्यावर रेघ कशी सरळ, सपाट. मावशीने दोनदा बघितलं आणि आईला म्हणाली, “सोडा नांगर.” साखळी खडखडत गेली. बोट थोडी मागे सरकली, नांगर रुतला, आणि मग खालून एक आवाज आला. कर्र.

वाळूत असा आवाज होत नाही.

मावशीचा चेहरा एकदम पांढरा पडला. “भोपळा,” ती म्हणाली, “भोपळा असायचा त्या बाजूला. बोट फिरली वाटतं.”

भिंगरी तोवर पाण्यात होती. बुडी मारून वर आली, मास्क कपाळावर सरकवला. “मावशी, नांगराचं टोक एका मोठ्या गोल प्रवाळाच्या पोटाखाली अडकलंय!”

“तुटलाय का तो?”

“वळ्यावळ्यांचा आहे, एका बाजूला खाच आहे...”

“अगं, तुटलाय का ते सांग!”

“मला काय माहीत मावशी, आधी कसा होता ते!”

खरंच की. तो आधी कसा होता ते मावशीला आणि मलाच माहीत होतं. मावशी उठली, तरातरा माझ्याकडे आली आणि तिने मला उलटं केलं. कांदे डेकभर धावत सुटले. एक सरळ बाबांच्या बुटात. मावशीने आपल्या बाहीने माझी काच पुसली, मला काखोटीला मारलं आणि होडीत उतरली. माझ्या पत्र्यावर काटा आला म्हणा ना!

ती होडीच्या काठाशी बसली. मला पाण्यावर धरलं. वाकली... आणि निम्म्यातच थांबली. पुन्हा प्रयत्न केला. दात ओठांवर दाबले गेले. कंबर काही वाकेना.

“नाही होत गं,” ती हळूच म्हणाली. “दीड वर्ष झालं, नाही होत.”

भिंगरी होडीची कड धरून पाण्यात तरंगत होती. तिने मावशीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग डेकवरच्या कांद्यांकडे. तिला तेव्हाच सगळं कळलं असावं. मला कळायला संध्याकाळ व्हावी लागली. बादलीची अक्कल ती!

बाबा वरून म्हणाले, “मशीन लावून जोरात ओढला तर?”

“तर नांगर येईल,” मावशी म्हणाली, “आणि भोपळ्याचा अर्धा गाल बरोबर येईल. माझ्या हातून हे व्हायचं नाही. भिंगरी, मास्क लाव. त्या खाचेत बघ, एक निळा मासा असतो, चिडका.”

भिंगरी खाली बघून वर. “आहे! चावायला आला मेला!”

“त्याचाच नातू असेल. खाचेचं तोंड मोठ्या बेटाकडे ना? आता नांगर खाचेच्या अलीकडे की पलीकडे?”

“पलीकडे. सूर्याच्या बाजूला.”

मावशीने डोळे मिटले. ती ताटाएवढ्या गोलातून लहानपणापासून बघितलेलं सगळं जोडत होती. “म्हणजे तो पश्चिमेकडून शिरलाय. साखळी सैल सोडून बोट पश्चिमेला न्यायची, आला त्याच वाटेने अलगद मागे घ्यायचा. मशीन नको, पुढचं छोटं शीड पुरे. आणि भिंगरी, तू आधी पाण्याबाहेर. बोट हलत असताना पाण्यात माणूस नको.”

“मग खाली कोण बघणार?”

मावशीने मला भिंगरीच्या हातात दिलं. गुलाबी मास्ककडे मी एक कटाक्ष टाकलाच!

मग काय वर्णावी ती धांदल! मावशी सुकाणूवर, आई साखळीच्या चाकाशी, बाबा होडीच्या वल्ह्यांवर, आणि वल्ही मारायची सवय नसल्याने होडी आपली स्वतःभोवती गिरक्या घेतेय. “बाबा, सरळ! बाबा, भोपळा राहिला तिकडे!” “अगं, ही ऐकतच नाही!” “होडीला काय सांगताय, हातांना सांगा!” शेवटी एकदाची होडी जागेवर आली. भिंगरीचं कपाळ टॉवेलच्या पट्टीवर टेकलं. मी काचेतून तिला सगळं दाखवलं, जीव ओतून.

“थोडं सैल, आई... अजून... मावशी, हळू... हलला! टोक हललं! थांबा, साखळी घासेल, उचला जरा... आता सोडा... निघाला!”

नांगर डुलत वर आला. बाबा वल्ही मारत पुढे, आम्ही दोघी खाली बघतोय, बघतोय. आणि मग ती हाक आली, दीड वर्षांनी, दुसऱ्याच गळ्यातून.

“वाळूऽऽ!”

बेटावरची पाखरं उडाली.

भोपळ्याला लागलं होतं. थोडंच, भिंगरीच्या अंगठ्याच्या नखाएवढी एक पांढरी खोक. “म्हणजे दोन-तीन वर्षांची वाढ गेली,” मावशी म्हणाली. मग तिने त्या पडद्यावर एक चिकटपट्टी लावली आणि त्यावर ठसठशीत लिहिलं, “आधी बादली.” मित्रांनो, एवढा मोठा सन्मान आजवर कुठल्या बादलीला मिळाला असेल?

संध्याकाळी भिंगरी मला मांडीवर घेऊन जुन्या टूथब्रशने माझी काच घासत होती. मावशी पाठीला उशी लावून शेजारी बसली होती.

“मावशी, पैज गेली खड्ड्यात. आता माझी मी विचारतेय. येतं पोहता?”

“नाही.”

“आणि बादलीत कांदे का?”

मावशी हसली. “रिकामी बादली रोज समोर दिसली की वाकून बघावंसं वाटायचं. वाकता येईना. मग कांदे भरले. कांदे दिसले की नजर पुढे जाते.”

ऐकलंत? यंत्राने मला हाकललंच नव्हतं! दीड वर्ष मी उगीच फुरंगटून बसले, आणि तिच्या बोटांवर कडी आपटत राहिले.

भिंगरीचा ब्रश थांबला. “अहो पण मावशी! पाण्यात वाकावं लागतच नाही! पाण्यात माणूस आडवाच असतो. कंबर दुखायचा प्रश्नच नाही!”

“माझं वय बघ गं.”

“पाण्याला काय कळतंय वय?”

“आणि भीती वाटली तर? मोठी कप्तानबाई मी, कंबरभर पाण्यात किंचाळले तर?”

“तर हिला धरायचं.” भिंगरीने माझ्या पोटावर थाप मारली. “मी बघितलं दुपारी. दोन्ही हातांनी कड धरली की ही दाबूनसुद्धा बुडत नाही. हिला धरून आधी पाय मारायचे. मग हिच्यातून बघायचं. मग एक दिवस हिला सोडून मास्क.”

सोडून! माझ्या काचेत चर्र झालं. तिला स्वतःच्या डोळ्यांनी भोपळा दिसला, तर माझं काय? पण खरं सांगू? फ्रॉक धरून ठेवलेली ती सहा वर्षांची पोर मला आठवली. तिला गावात जायचं होतं आणि इतकी वर्षं तिला खिडकीवरच भागवावं लागलं. खिडकीचं कौतुक खूप झालं की. आता दार उघडायला हवं.

“बाबा असते तर काय म्हणाले असते?” मावशी पाण्याकडे बघत म्हणाली.

“म्हणाले असते, माझ्या लेकीने आज भोपळा वाचवला, तर आता तिने एकदा त्याला भेटून यावं.”

मावशीने अगदी हळू आवाजात विचारलं, “कपडे कसले घालतात गं पोहायला?”

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणी कोपऱ्यात पडलं असेल. त्यात कांदे भरण्याआधी एकदा त्याचा तळ निरखून बघा. आणि कधी प्रवाळांच्या गावाला गेलात, तर वाळू दिसल्याशिवाय नांगर टाकू नका. त्या गावातल्यांना “बाजूला व्हा” असं सांगितलेलं ऐकू येत नाही, आणि आलं तरी त्यांना हलता येत नाही. एवढंच मागते.

हे मी मनात म्हणत होते, तोवर भिंगरीने मला कडीला धरून उचललं आणि ती धाडधाड जिना उतरून खाली केबिनमध्ये गेली. तिथे आईबाबा बॅगा भरत होते. दुसऱ्या दिवशी मोठ्या बेटावरच्या घसरगुंडीवाल्या हॉटेलात जायचं ठरलं होतं. त्या घसरगुंडीसाठी भिंगरीनेच महिनाभर डोकं खाल्लं होतं.

“आई, बाबा, मी एक ठरवलंय. विचारत नाहीये, सांगतेय.”

“बाई गं,” आई पलंगावर बसली. “आता काय?”

“हॉटेल रद्द. उरलेली सगळी सुट्टी आपण इथेच राहतोय. उद्या सकाळपासून मी कप्तानमावशींना पोहायला शिकवणार आहे. मैत्रिणींना उत्तर कळवायचंय आणि ते मला ‘नाही’ असं कळवायचं नाहीये. बाबा, तुम्ही तोवर वल्ही मारायला शिका. आणि आई, कांदे ठेवायला दुसरं काहीतरी शोध.”